तलाव दुसऱ्याचा निघाला तर? मासेमारीच्या वादात 'सद्भावाने ताबा' हा बचाव

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पूर्व विदर्भातला चार हेक्टरचा जुना तलाव. सात ढीवर कुटुंबे 2013 पासून तिथे मासेमारी करतात. ठेका जुन्या मालगुजाराच्या (ब्रिटिश काळातल्या सारा भरणाऱ्या गावमालकाच्या) वारसांकडून घेतलेला. वर्षाला 40 हजार रुपये, कधी पावतीवर, कधी नुसते हातावर. 2016 साली एक करारनामा नोटरी केलेला, नोंदणी मात्र नाही. तलाव सरकारी आहे असे सांगून गेल्या जुलैपासून त्याचा ठेका दुसऱ्या मच्छीमार संस्थेला दिला गेला. मे महिन्यात या कुटुंबांनी जाळे ओढले, संस्थेने चोरीची फिर्याद दिली आणि पाठोपाठ सहा लाखांच्या भरपाईची नोटीस आली. 'आम्ही प्रामाणिकपणे ताब्यात होतो' हा बचाव चालेल का?

चालेल, पण सगळीकडे सारखा नाही. चोरीच्या खटल्यात तो जवळजवळ पूर्ण बचाव आहे. भरपाईच्या दाव्यात तो रक्कम खाली आणतो, दावा उडवत नाही. आणि तलावात मासे धरण्याचा हक्क कोणाचा, हे ठरताना त्याचा उपयोग शून्य. अशी प्रकरणे बिघडतात ती बहुधा या तीन गोष्टींची खिचडी केल्यामुळे. पोलिसांना सांगितले 'ठेका होता', तहसीलदाराला सांगितले 'वडिलोपार्जित हक्क आहे', दिवाणीत लिहिले 'बारा वर्षे झाली, आता आम्हीच मालक'. समोरच्या वकिलाला मग वेगळे काही करावे लागत नाही. तुमचेच तीन कागद शेजारी ठेवले की झाले.

आधी हक्काचे स्वरूप. मासे जंगम, म्हणून ठेकाही जंगम वस्तूचा, अशी समजूत सर्रास असते. ती चूक आहे. दुसऱ्याच्या पाण्यातून मासे धरून नेण्याचा हक्क हा जमिनीतून मिळणारा लाभ, म्हणजे स्थावर मालमत्ता आहे. सर्वोच्च न्यायालयाने हे 1955 साली आनंद बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य (एआयआर 1956 एससी 17) या निकालात स्पष्ट केले. तिथली हकीकत तुमच्या प्रकरणाशी जवळची आहे. चिलिका सरोवराच्या काही भागातले मासेमारीचे परवाने पारिकुडच्या राजाने पैसे घेऊन दिले होते, पावत्याही होत्या. पुढे जमीनदारी संपली, मिळकत सरकारात गेली आणि सरकारने ते परवाने मानले नाहीत. मच्छीमारांच्या प्रामाणिकपणाबद्दल कोणाला शंका नव्हती. तरी शंभर रुपयांवरचा स्थावर हक्क तोंडी मिळत नाही, नोंदणीकृत दस्त नाही, म्हणून हक्क निर्माणच झाला नाही, असे ठरले. सद्भाव नोंदणीची जागा घेत नाही, हे इथेच मनाशी पक्के करा.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे. मध्य प्रांतातले मालकी हक्क नष्ट करणारा 1950 चा कायदा आला आणि 31 मार्च 1951 रोजी मालगुजारांचे बहुतेक तलाव सरकारात गेले. पण सगळे नाही. त्या कायद्याच्या कलम 5 ने काही तलाव जुन्या मालकांकडे ठेवले: व्यापलेल्या जमिनीवरचे, आणि ज्यात मालकाशिवाय दुसऱ्या कोणाचा सिंचनाचा हक्क नव्हता असे. त्यामुळे 'मामा (माजी मालगुजारी) तलाव' म्हटला की सरकारीच, हे जितके चूक, तितकेच 'आजोबा मालगुजार होते म्हणजे तलाव आमचा' हेही. निर्णय कागदावर होतो. सध्याचा सातबारा पुरेसा नाही. 1951 च्या आसपासचा अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक (गावच्या सामाईक जमिनीच्या वापराची नोंद), वाजिब-उल-अर्ज (गावच्या रिवाजांची नोंद) आणि गावनकाशा यांच्या प्रमाणित नकला काढा. वाजिब-उल-अर्ज महत्त्वाचा, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 165 नुसार सरकारी नसलेल्या पाण्यातला मासेमारीचा रिवाज त्यातच नोंदवतात. तलावाच्या बांधाखालच्या शिवारात दुसऱ्या शेतकऱ्यांची ओलिताची पाळी लागत होती अशी नोंद निघाली, तर वारसांची मालकी बहुधा कोसळते, आणि तुमचा ठेकाही.

आता चोरीचा आरोप. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचे कलम 303 लागते, आधीच्या घटनेला भारतीय दंड संहितेचे 379. दोन्हीत चोरीचा गाभा अप्रामाणिक हेतू आहे. वस्तू दुसऱ्याची होती एवढ्याने चोरी होत नाही. चंडीकुमार दास कर्मकार विरुद्ध अबनीधर राय (एआयआर 1965 एससी 585) हे प्रकरण तळ्यातले मासे काढण्याचेच होते. आरोपीचा हक्काचा दावा खरा, प्रामाणिक असेल तर तो शेवटी कायद्याने टिकला नाही तरी चोरी होत नाही. मात्र तो दावा निव्वळ बहाणा नसावा, असे तत्त्व तिथे आहे. जामीन अर्जाला आणि पुढे दोषमुक्तीच्या अर्जाला हा निकाल जोडाच.

इथे एक बारकावा वकीलही चुकवतात. न्याय संहितेचे कलम 17 तथ्याच्या चुकीला माफी देते, कायद्याच्या चुकीला नाही. म्हणून सरकारी वकील म्हणतो, 'तलाव सरकारात गेला हे कायद्याने झाले, ते माहीत नव्हते ही कायद्याची चूक, बचाव नाही.' त्या वादात शिरूच नका. तुमचा बचाव कलम 17 चा नाही. तुमचे म्हणणे असे की अप्रामाणिक हेतू हा गुन्ह्याचा घटकच सिद्ध होत नाही. स्वतःच्या दिवाणी हक्काबद्दलची समजूत चुकीची असली, अगदी कायद्याच्या अज्ञानातून आलेली असली, तरी ती खरी असेल तर अप्रामाणिकपणा उरत नाही. हा फरक अर्जाच्या पहिल्या पानावर यावा.

समजूत खरी होती हे ठरते वागण्यावरून. दिवसाढवळ्या, गावासमोर, नेहमीच्या माणसांनी, नेहमीच्या डोंग्याने जाळे ओढले का? माल नेहमीच्या बाजारात, नेहमीच्या व्यापाऱ्याला गेला का? मत्स्यबीज (वाढवायला सोडलेली माशांची पिल्ले) कोणी टाकले होते? हे तिन्ही तुमच्या बाजूचे असेल तर खटला अशक्त आहे. याउलट रात्री ओढलेले जाळे, माणसे पाहून पळणे, दूरच्या बाजारात वेगळ्या नावाने विक्री, आणि सगळ्यात घातक म्हणजे संस्थेची किंवा खात्याची लेखी नोटीस हातात पडल्यावरही चालू ठेवलेली मासेमारी. सद्भावाला तारीख असते. नोटिशीच्या दिवसापर्यंतचा काळ आणि त्यानंतरचा काळ यांच्याकडे न्यायालय एकाच नजरेने पाहत नाही. नोटीस मे महिन्याच्या ओढणीआधी आली होती की नंतर, हा तुमच्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. पोस्टाची पोच शोधा.

पंचनाम्यातली किंमतही नीट वाचा. मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल तर कलम 303 खालचा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरतो. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पहिल्याच वेळचा गुन्हा असेल आणि किंमत परत केली तर शिक्षा सामाजिक सेवेची. 30 किलो रोहू किलोला 150 रुपयांनी धरले तर 4,500 होतात. म्हणून 'अंदाजे 50 किलो' असे न तोलता लिहिलेले असते तेव्हा तोलपावती मागा. वजन कोणी केले, कोणत्या काट्यावर, ओले की निथळलेले, दर कोणत्या बाजाराचा, हे जबाबात विचारायचे प्रश्न आहेत. आकडा पाच हजारांच्या वर असेल तर गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तिथेही शिक्षा सात वर्षांच्या आतली असल्याने पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. त्या नोटिशीला कागदांसह लेखी उत्तर द्या. अटकपूर्व जामीन आता कलम 482 खाली आहे आणि उच्च न्यायालयात फिर्याद रद्द करण्याचा अर्ज कलम 528 खाली. जुन्या संहितेत 482 हा आकडा रद्द करण्याच्या अर्जाचा होता, त्यामुळे अजूनही चुकीच्या कलमाखाली अर्ज टंकले जातात.

आणखी एक मुद्दा अधूनमधून उपयोगी पडतो. ज्या पाण्यातून मासे मोकळे ये-जा करू शकतात, उदाहरणार्थ नदी किंवा सांडवा उघडा असलेला सिंचन तलाव, तिथले मासे कोणाच्याच ताब्यात नसतात आणि त्यांची चोरी होत नाही, असे जुने निकाल आहेत. बंदिस्त तळ्यातले, बीज सोडून वाढवलेले मासे मात्र ताब्यातली वस्तू. संस्थेने सांडव्यावर जाळी बसवली होती का, बीज टाकल्याची बिले आहेत का, हे पाहा. पण हा मुद्दा दुधारी आहे. तुम्हीही बीज टाकले आणि मासे तुमचे असे म्हणणार असाल, तर 'मासे कोणाचेच नव्हते' हे त्याच तोंडाने म्हणता येत नाही. तुमच्या प्रकरणात बियाण्याची बिले असतील तर 'कोणाचेच नव्हते' हा मार्ग सोडा. सुरुंगाची दारू किंवा विष वापरल्याचा आरोप असेल, तर महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियमाखाली तो वेगळा चालतो आणि तिथे सद्भाव वगैरे काही कामाला येत नाही.

आता त्या नोटरी केलेल्या कराराकडे. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीशिवाय हक्क देत नाही. तरीही नोंदणी अधिनियमाच्या कलम 49 च्या परंतुकामुळे तो दुय्यम हेतूसाठी, म्हणजे ताबा कोणत्या नात्याने होता हे दाखवायला, वापरता येतो. तुमचा बचाव याच दुय्यम हेतूत बसतो. अडचण मुद्रांकाची. शंभर-पाचशेच्या कागदावर केलेला ठेका बहुधा अपुऱ्या मुद्रांकाचा असतो, आणि महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 34 नुसार असा दस्त कोणत्याच हेतूसाठी पुराव्यात घेता येत नाही, जोवर कमी पडलेले शुल्क आणि त्यावर दरमहा 2 टक्के दंड भरला जात नाही. फौजदारी खटल्याला यातून सूट आहे. चोरीच्या खटल्यात तोच कागद दंड न भरता दाखवता येतो. पण ताब्याच्या वादाची दंडाधिकाऱ्यासमोरची कारवाई, जी पुढे येते, तिला ही सूट नाही. म्हणून शुल्क-दंडाचा हिशेब आधी करून घ्या. चाळीस हजारांच्या वार्षिक ठेक्यावर तो सहसा परवडणारा असतो. साक्ष चालू असताना दस्त अडकून पडणे जास्त महाग पडते.

दिवाणी बाजूला 'सद्भाव' एकच नसतो, हेही ध्यानात घ्या. मुदत अधिनियम आणि न्याय संहिता म्हणतात, योग्य काळजी आणि लक्ष नसेल तर सद्भाव नाही. सर्वसाधारण खंड अधिनियम म्हणतो, हलगर्जी असली तरी प्रामाणिकपणे केलेले असेल तर सद्भाव आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात व्याख्याच नाही. पण त्याच्या कलम 3 मध्ये 'नोटीस' कशाला म्हणायचे ते सांगितले आहे, आणि खरी लढाई तिथे होते. नोंदणीकृत दस्ताची माहिती सर्वांना आहे असे धरले जाते. प्रत्यक्ष ताब्यातल्या माणसाच्या हक्काची माहितीही. जाणूनबुजून चौकशी टाळणे म्हणजे माहिती असणेच. म्हणून उलटतपासणीत हमखास येणारा प्रश्न तयार ठेवा: 'ठेका घेण्यापूर्वी सातबारा पाहिला होता का?' 'नाही, सगळे गाव त्यांनाच मालक म्हणते' हे उत्तर प्रामाणिक आहे, पण 2013 सालापुरते. त्यानंतर ग्रामसभेत, तलाठ्याकडे, मत्स्यव्यवसाय कार्यालयात काही विचारणा झाली असेल, तर ती तारखेसह मांडा.

भरपाईच्या दाव्यात तुमचा खरा आधार मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम 50. ज्याच्याकडून मालमत्ता सद्भावाने घेतली त्याला सद्भावाने दिलेले भाडे, तो पुढे मालक नाही असे निघाले तरी, खऱ्या मालकाला पुन्हा द्यावे लागत नाही. पावत्या इथे सोन्याच्या. हातावर दिलेल्या रकमांसाठी बँकेतून काढलेली रक्कम, वहीतली नोंद आणि एखादा त्रयस्थ साक्षीदार यांची जुळणी करा. वारसांपैकी एकाने जरी 'पैसे मिळाले' असे लिहून दिले तरी काम होते, आणि ते आता, भांडण त्यांच्यावर उलटण्याआधी घ्यायचे असते.

त्याच अधिनियमाचे कलम 51 मात्र तुमचे नाही. सुधारणांची भरपाई त्याला मिळते ज्याने आपण पूर्ण मालक आहोत असे समजून खर्च केला. तलाव विकत घेतलेल्याला ते लागू. ठेकेदार स्वतःला मालक समजत नसतो, म्हणून तलावाच्या बांधाची दुरुस्ती, गाळ काढणे यांचा खर्च या कलमाखाली मागितला की अर्ज फेटाळला जातो. त्याऐवजी करार अधिनियमाचे कलम 70 वापरा. फुकट करण्याचा इरादा नसताना केलेल्या कामाचा लाभ दुसऱ्याने घेतला तर त्याने मोबदला द्यावा. तुम्ही टाकलेली बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) संस्थेने पुढच्या हंगामात काढली असेल, तर ही मागणी ठोस आहे. बियाण्याचे बिल, वाहतुकीची पावती, सोडल्याच्या दिवसाचे तारीख असलेले फोटो आणि किती नग सोडले याची नोंद लागते. जिरे, अर्धबोटुकली की बोटुकली हे बिलात लिहिलेले असू द्या. जगण्याचे प्रमाण आकारावर ठरते आणि समोरचा पक्ष तिथेच बोट ठेवतो.

सहा लाखांचा आकडा कुठून आला असेल? बहुधा सगळ्या विक्रीची बेरीज. कायद्याने देणे असतो तो दरम्यानचा नफा: मिळालेला, किंवा साधारण मेहनतीने मिळू शकला असता असा निव्वळ नफा, व्याजासह. ताबा घेणाऱ्याने केलेल्या सुधारणांमुळे वाढलेला नफा त्यातून वगळायचा, असे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 2(12) मध्येच आहे. समजा हेक्टरी 400 किलोने 1,600 किलो निघाले आणि सरासरी दर 130 रुपये. विक्री 2,08,000. बीज 30 हजार, खाद्य-खत 25 हजार, जाळी-डोंग्याची झीज 15 हजार, मजुरी 60 हजार. राहिले 78 हजार. त्यातून वारसांना सद्भावाने दिलेले 40 हजार वजा मागा. उरतात 38 हजार. कुटुंबातल्या माणसांची मजुरी खर्चात धरायची की नाही यावर वाद होतो. दुसरी माणसे लावली असती तर काय रोज पडला असता, त्या दराने ती मांडावी.

त्याहून मोठी कात्री काळाची. संस्थेचा हक्क तिच्या ठेक्याच्या तारखेपासून सुरू होतो. त्याआधीची वर्षे तिची नाहीतच. असलाच तर तो दावा सरकारचा, आणि नफ्याच्या दाव्याची मुदत नफा मिळाल्यापासून 3 वर्षे. संस्थेची नोटीस 2013 पासून हिशेब मांडत असेल, तर उत्तराचा पहिला परिच्छेद हाच असावा. वारसांविरुद्ध स्वतंत्र नोटीस त्याच दिवशी पाठवा: ज्याला देण्याचा हक्क नव्हता त्याने घेतलेले पैसे परत मिळावेत, आणि शांत उपभोगाची हमी मोडल्याची भरपाई. ती न पाठवता पाच वर्षांनी जाग आली तर मुदत संपलेली असते.

ज्या बचावाकडे सगळे धावतात त्याकडे वळतो. 'बारा वर्षे झाली, प्रतिकूल ताबा', म्हणजे मालकाला झुगारून इतका काळ ताबा ठेवला म्हणून मालकी आमची. तुमच्या प्रकरणात हे लिहू नका. ठेक्याने, परवानगीने असलेला ताबा कितीही वर्षांचा झाला तरी प्रतिकूल होत नाही. पैसे देऊन मासे धरत होतो हे सांगणे आणि मालकाला झुगारून बसलो होतो हे सांगणे एकत्र राहत नाही. कर्नाटक बोर्ड ऑफ वक्फ विरुद्ध भारत सरकार (2004) या निकालात मालकी आणि प्रतिकूल ताबा या परस्परविरोधी भूमिका असल्याचे म्हटले आहे. शिवाय प्रतिकूल ताब्याला सद्भाव लागतच नाही, उलट वैर लागते. सरकारविरुद्ध मुदत बाराची नाही, 30 वर्षांची. आणि गावतळ्यासारख्या सार्वजनिक पाण्यावरच्या अतिक्रमणाकडे जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य (2011) नंतर न्यायालये किती कठोर नजरेने पाहतात, हे वेगळे सांगायला नको.

वीस किंवा तीस वर्षांच्या वहिवाटीने मासेमारीचा हक्क मिळाला, असे मुदत अधिनियमाच्या कलम 25 वर बेतलेले दावे अजूनही दाखल होतात. त्याच अधिनियमाचे कलम 29(4) म्हणते की जिथे सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीच्या वापराचा हक्क) अधिनियम 1882 लागू आहे तिथे कलम 25 लागूच नाही. मध्य प्रांतात तो अधिनियम सुरुवातीपासून होता, मुंबई इलाख्यात 1891 पासून. म्हणजे आपल्याकडे सुविधाधिकार अधिनियमाचे कलम 15 पाहायचे, आणि त्याला तुमच्या मालकीच्या, लाभ घेणाऱ्या जमिनीची जोड लागते. भूमिहीन मच्छीमाराकडे ती नसते. त्याचा मार्ग रूढीचा: त्या अधिनियमाच्या कलम 2 ने जमिनीशी न जोडलेले रूढीचे हक्क शाबूत ठेवले आहेत. पण रूढी म्हणजे ठराविक समूहाची, ठराविक पाण्यातली, जुनी, अखंड आणि वाजवी वहिवाट. ठेका घेऊन केलेली मासेमारी तिचा पुरावा होत नाही. अनुसूचित क्षेत्रात किंवा वनालगत असाल तर वनहक्क अधिनियम 2006 चे कलम 3(1)(ड) तपासा. पाणवठ्यातल्या माशांवरचा सामूहिक हक्क तिथे नावानिशी आहे. ग्रामसभेला तसा दावा मंजूर झालेला असेल, तर तुमचा बचाव सद्भावाचा राहत नाही, थेट हक्काचा होतो, आणि संस्थेच्या ठेक्यालाच आव्हान देता येते.

हाणामारीची चिन्हे दिसली की पोलीस अहवाल पाठवतात आणि कार्यकारी दंडाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 164 खाली (जुने 145) नोटीस काढतो. 'जमीन किंवा पाणी' या शब्दांत मत्स्यक्षेत्र येते, हे कलमातच लिहिले आहे. इथे मालकी पाहत नाहीत. आदेशाच्या दिवशी प्रत्यक्ष ताबा कोणाचा, आणि अहवालाआधीच्या दोन महिन्यांत कोणाला जबरदस्तीने काढले का, एवढेच. म्हणून उत्तरात मालगुजारीचा इतिहास नको. डोंगा कोणाचा बांधलेला होता, राखणदार कोण, शेवटचे बीज कोणी आणि कधी टाकले, शेवटचे जाळे कोणी ओढले, शेजारच्या शेतकऱ्यांची प्रतिज्ञापत्रे, हे द्या. तलाव जप्त झाला तर घाई करा. मे-जूनमध्ये पाणी आटते, प्राणवायू कमी पडतो आणि मासे एका रात्रीत मरून वर येतात. नाशवंत मालाची विल्हेवाट लावण्याचा अधिकार कलम 164(8) मध्ये आहे. दोन्ही पक्षांसमोर ओढणी करून विक्रीची रक्कम जमा ठेवावी, असा अर्ज पहिल्याच तारखेला द्या. दिवाणीत हेच काम आदेश 39 नियम 6 करतो, आणि तलावाची स्थिती टिपायला आदेश 26 नियम 9 खाली कोर्ट कमिशनर मागता येतो.

तुम्हाला हुसकावले असेल तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम 6 आहे: सहा महिन्यांत दावा, मालकी सिद्ध करायची गरज नाही, पण सरकारविरुद्ध नाही. निव्वळ मासेमारीचा हक्क या कलमात बसतो का, यावर जुना मतभेद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 1888 साली भुंडल पांडा प्रकरणात बसतो म्हटले, कलकत्त्याच्या पूर्णपीठाने 1892 मध्ये नाही म्हटले. आपल्याला मुंबईचा निकाल लागतो, आणि तो कामाचा आहे. संस्थेविरुद्धचा दावा तिच्या कामकाजाशी संबंधित असेल तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 164 ची दोन महिन्यांची नोटीस, सरकार पक्षकार असेल तर दिवाणी संहितेच्या कलम 80 ची. तलाव सरकारचा की खाजगी यावर जिल्हाधिकाऱ्यांनी महसूल संहितेच्या कलम 20 खाली आदेश दिला असेल, तर त्याविरुद्ध दिवाणी दाव्याला एकच वर्ष मिळते. ही मुदत चुकली की बाकी सगळा युक्तिवाद कागदावरच राहतो.

दोन मागणीदार असताना ठेक्याचे पैसे कोणाला द्यायचे, हा प्रश्न राहतो. अनेकांना आंतराभियोगाचा दावा (पैसे कोणाचे हे दोन दावेदारांनी न्यायालयात आपसात ठरवून घ्यावे, असा दावा) सुचतो. ठेकेदाराला तो करता येत नाही. आदेश 35 नियम 5 भाडेकरूला आपल्या मालकाला परक्या दावेदाराशी असे झुंजवू देत नाही. साधा उपाय करा. वेगळे बँक खाते, त्यात वर्षाची रक्कम, आणि दोन्ही पक्षांना पत्र की न्यायालय सांगेल त्याला देऊ. नोटीस आल्यानंतरच्या काळात सद्भाव दाखवण्याचा याहून सोपा पुरावा नाही. वारसांना मात्र त्यानंतर एक रुपयाही देऊ नका. कलम 50 चे संरक्षण तिथे संपते.

कोकणातल्या वाचकांसाठी थोडे. डोलीच्या कवीचे, म्हणजे समुद्रात खुंट ठोकून डोल जाळे लावण्याच्या जागेचे, भांडण या चौकटीत पुरते बसत नाही. समुद्रातली मासेमारी सर्वांची, आणि खुंट ठोकल्याने समुद्राचा तुकडा एकट्याचा होत नाही. पण आपला हक्क दुसऱ्याच्या आड न येता, वाजवी रीतीने वापरायचा, हे मुंबई उच्च न्यायालयाने 1876 च्या बाबन मायाचा प्रकरणात सांगितले आहे. तिथे सद्भावापेक्षा कोणाचे खुंट आधी, अंतर किती आणि दोन्ही गावांच्या संस्थांचे जुने ठराव काय, हे पाहिले जाते. गोव्यातले जुने वकील सद्भावाने ताबा म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता असते, जिथे सद्भाव असेल तर मालकी मिळायची मुदत कमी व्हायची. सिंडिकेट बँक विरुद्ध प्रभा नाईक (2001) नंतर तिथेही मुदत अधिनियम 1963 लागतो, त्यामुळे मानशीवरच्या (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारावरच्या) मासेमारीच्या वादात त्या मुदतींवर विसंबू नका.

तुमच्या प्रकरणात माझा कल तडजोडीकडे आहे. चोरीचा गुन्हा फिर्यादी मिटवू शकतो (नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 359), आणि संस्थेलाही कसलेले हात लागतात. मसुद्यात इतके हवे: तुम्ही टाकलेल्या बियाण्याची एक ओढणी 30 जूनच्या आत, दोन्ही बाजूंच्या तोलाऱ्यासमोर, विक्रीतून खर्च वजा करून ठरलेला वाटा, भरपाईचा दावा आणि फिर्याद दोन्ही मागे, सात कुटुंबांना संस्थेचे सभासदत्व, भागभांडवलाची रक्कम आकड्यात, आणि 'तलावावर आमचा हक्क नाही' असे वाक्य नको, 'हक्काचा प्रश्न खुला ठेवून' असे लिहा, म्हणजे वारसांविरुद्धचा पैशाचा दावा आणि सामूहिक हक्काचा मार्ग दोन्ही शिल्लक राहतात. सही सातही कुटुंबप्रमुखांची घ्या. एकाच्या सहीवर बाकीचे सहा बांधले जात नाहीत.